राक्षसिणीच्या नावाने टाकलेल्या अक्षता

श्रावणात एकदा व्हिडिओवर बोलताना तुमच्यापैकी धाकटीने विचारलं, "आजी, तुझ्या मागे भिंतीवर ती कोण आहे? तिच्या अंगावर इतकी बाळं का चढली आहेत?" मी खरं ते सांगितलं. "ती राक्षसीण आहे. आपण तिची पूजा करतो." लगेच पडद्याबाहेरून तुमच्या आईचा आवाज आला, "आई, मुलांना काय सांगताय? ही आता झोपणार नाही." मग कोणीतरी शाळेच्या सहलीचा विषय काढला आणि राक्षसीण तिथेच राहिली.

अर्धवट राहिलेली गोष्ट मला चालत नाही. मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, तास संपायच्या आत नकाशा पूर्ण झाला पाहिजे ही सवय आहे. म्हणून हे लिहून पाठवते आहे. बाबा वाचून दाखवेल. तो अडखळला तर हसू नका, त्याचं मराठी इंदूरचं आहे आणि वर कॅनडाची थंडी लागली आहे.

भिंतीवरचा तो कागद म्हणजे जिवती. श्रावण लागला की राजवाड्यामागच्या बोळात पूजेच्या सामानाच्या दुकानातून तो आणायचा. दुकानदार मारवाडी आहे. "वो मराठी वाला कागज, माताजी?" असं म्हणून खालच्या खणातून काढून देतो. वर नरसिंह एका राक्षसाचं पोट फाडतो आहे. शेजारी कृष्ण कालियाच्या फण्यावर उभा. सगळ्यात खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. आणि मधे त्या दोघी बायका, मांडीवर, खांद्यावर, पाळण्यात, जिथे जागा मिळेल तिथे बाळं. त्यांतली एक जरा. ती राक्षसीण. वरच्या चित्रात राक्षसाला फाडलं जातंय आणि खाली राक्षसिणीला आपण आघाड्याची माळ घालतो, याचं लहानपणी मला फार नवल वाटायचं.

तिची गोष्ट अशी. एका राजाच्या दोन राण्यांना अर्धं अर्धं मूल झालं. दाईंनी घाबरून ते दोन्ही तुकडे बाहेर टाकून दिले. जरा तिथून चालली होती. तिला ते खायचे होते. न्यायला सोपं पडावं म्हणून तिने दोन्ही तुकडे एकत्र धरले, तर ते जुळले आणि बाळ रडायला लागलं. तिने ते खाल्लं नाही. राजाकडे नेऊन दिलं. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या बाबाची आजी, गोष्टीत इथे आल्या की थांबत आणि म्हणत, "तिला भूक होती, हे विसरू नका." पुढे तिची मुलांची राखण करणारी देवी झाली ती वेगळी गोष्ट. सासूबाईंना भुकेचं महत्त्व जास्त होतं.

मला मात्र तिचा कधी पुरता भरवसा वाटला नाही. मी सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथला सैतान इंग्रजी बोलायचा आणि फार गोड बोलायचा. तोच त्याचा दुर्गुण, असं सिस्टर सांगत. गोड बोलणाऱ्यापासून सावध राहा. माझी एक मैत्रीण मुसलमान होती, तिच्या घरी जिन्न होते. ते चांगलेही असतात, वाईटही असतात आणि वरून ओळखू येत नाहीत, असं तिची नानी सांगायची. पुढे वाचनात आलं की बाळं खाणारी हारीती नावाची यक्षीण अजिंठ्याच्या एका लेण्यात मुलांसकट देवी होऊन बसली आहे, आणि तीच पार जपानपर्यंत पोचली आहे. इराकच्या बाजूला फार जुन्या काळी बाळंतिणीच्या खोलीत एका भयंकर भुताचं तोंड टांगत, दुसरी भुतीण येऊ नये म्हणून. म्हणजे जिथे तिथे पाळण्याशी कोणीतरी उभं आहे, आणि ते राखायला आलंय की न्यायला, हे कोणाला खात्रीने सांगता येत नाही. यंदाच्या श्रावणात आमच्या मजल्यावर हाच प्रश्न उभा राहिला. फरक एवढाच की पाळण्याशी उभी होते ती मी.

आजोबा गेल्यावर मी विजय नगरच्या या फ्लॅटमध्ये आले, ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या दारासमोर आणखी एक दार आहे. मधे जेमतेम दोन माणसं चालतील एवढा पॅसेज. समोर एक तरुण जोडपं राहतं, दोघंही कॉम्प्युटर कंपनीत. घर त्यांचं मूळचं मानपुरचं, तिथे हायवेवर त्यांचं ट्रकवाल्यांसाठीचं चहा-पोह्याचं दुकान आहे. त्यांचा मुलगा आता वर्षाचा होईल. त्याची आई घरूनच काम करते, दुपारी तिच्या मीटिंगा असतात. तेव्हा ती दार वाजवायची, "आंटी, थोडी देर?" आणि तो माझ्या हातात. मीटिंग संपेपर्यंत आम्ही दोघं बाल्कनीत बसून खालच्या सिटी बस बघायचो. बस वळली की तो माझं नाक धरायचा. का, ते त्याचं तोच जाणे. तुम्ही इतके लहान असताना मी तुम्हाला काचेच्या पडद्यावर पाहिलंय. हा अंगावर ओकायचा. हे लिहिताना मला कोणाची कीव नको आहे, फक्त दुपारी ते दार वाजणं माझ्यासाठी काय होतं ते तुम्हाला कळावं, म्हणजे पुढचं कळेल.

श्रावणाच्या सुमारास त्याची दादी मानपुरहून राहायला आली. माझ्याच वयाची, काटक, डोक्यावरून पदर, हातांत चांदीची जाड कडी. पहिल्या दिवशी मी वाटीभर साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. तिने वाटी घेतली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अकेली रहो हो, बेन?"

"हां जी."

"टाबर कोनी?" म्हणजे मुलंबाळं नाहीत?

"है ना. बेटा कॅनडा में. दो पोते-पोती."

"देख्या नी कदी," ती म्हणाली, आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, धुतलेली आणि रिकामी. आमच्याकडेच काय, माळव्यातही वाटी रिकामी परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मी ते मनात नोंदवलं.

त्यानंतर दार वाजायचं कमी झालं. आधी एक दिवस गेला, मग आठवडा गेला. बाळाला ताप आहे असं त्याची आई म्हणाली. ताप तेव्हा सगळ्या शहरात होता. ताप गेल्याचंही मला कळलं, कारण समोरून त्याचं खिदळणं ऐकू येत होतं. तरी दार वाजेना. लिफ्टमध्ये त्याची आई भेटली तर फोनकडे बघत राहिली. गोड बोलणारी मुलगी एकाएकी बोलेनाशी झाली की मला संशय येतो. कोणीतरी तिच्या कानात काहीतरी घातलं होतं, आणि कोणी, ते कळायला भूगोलाची पदवी लागत नव्हती.

मग एका शनिवारी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर उंबऱ्याबाहेर उतारा ठेवलेला. लिंबू, त्यात टाचण्या टोचलेल्या, वर शेंदूर, बाजूला लाल मिरच्या आणि काळ्या दोऱ्याची गुंडी.

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण तिथे उभी राहिले आणि दुधाची पिशवी उचलायला वाकता येईना. सिस्टरांचं सगळं शिक्षण आणि माझी पदवी त्या लिंबाला ओलांडून जाईनात. शेवटी स्वयंपाकघरातून चिमटा आणला. तुम्हाला माहीत आहे, आपल्या इंदुरात कचरा वेगळा करावा लागतो. लिंबू-मिरच्या ओल्या कचऱ्यात टाकल्या, दोरा सुक्यात. टाचण्यांपाशी अडले. त्या धोकादायक कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. कचऱ्याची गाडी आली तेव्हा गाडीवाला म्हणाला, "आंटीजी, नींबू में सिंदूर? किसने किया टोटका?" मी म्हटलं, "ले जाओ भिया, गीला कचरा है."

पण दिवसभर तोच विचार. माळव्यात आणि खाली निमाडात बायकांना डाकन ठरवतात हे मी ऐकत आले आहे. डाकन म्हणजे जिची नजर लागते, जी बाळाचं काळीज खाते. आणि ठरवतात कोणाला? गावातल्या एकट्या बाईला. नवरा गेलेला, मुलं जवळ नाहीत, दुसऱ्याच्या बाळाला फार जवळ घेते. ही यादी मी मनातल्या मनात वाचली आणि आरशात बघायचं टाळलं. हे विजय नगर आहे, खाली मॉल आहे, कोणी मला काठीने हाकलणार नव्हतं. पण ते बाळ काही परत येणार नव्हतं.

आता अक्षतांचं सांगते. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा करून आई मुलांना पुरणाच्या दिव्यांनी ओवाळते. मुलं लांब असली तर त्यांच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकते, म्हणजे जिथे असतील तिथे जिवतीने त्यांना सांभाळावं. मी दर वर्षी टाकते. उत्तरेला स्वयंपाकघराची खिडकी, पूर्वेला बाल्कनी, दक्षिणेला झोपायच्या खोलीची खिडकी. पश्चिमेला खिडकीच नाही. पश्चिमेला माझं मुख्य दार. तेव्हा दार उघडायचं, पॅसेजमध्ये अक्षता टाकायच्या, तुमची नावं घ्यायची आणि दार लावायचं. पहिल्या शुक्रवारी समोरच्या मुलीने बाहेर पडताना पाहिलं होतं. "आंटी, ये चावल?" मी म्हटलं, "हमारी सावन की पूजा है, बेटा." ती हसून गेली. तिथे विषय संपला असं मला वाटलं.

राखी झाली. त्यानंतरच्या शुक्रवारी मी पूजा केली, अक्षता टाकल्या. दार लावताना समोरचं दार बोटभर उघडं दिसलं. फटीत एक डोळा होता. मीही त्याच्याकडे बघितलं. कोणी डोळा मिटला नाही. मग ते दार आवाज न करता लागलं.

दुपारी सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, कोणाचंही वाईट न बोलणारे, त्यामुळे त्यांच्याकडून काहीच कळत नाही. "आंटीजी, ज़रा नीचे ऑफिस में आइए. छोटी सी बात है." मी साडी बदलून गेले. खाली ती मुलगी बसलेली, मान खाली. शेजारी दादी, बाळाला मांडीत धरून. मला बघताच बाळाने हात पुढे केला आणि दादीने त्याच्या डोक्यावर पदर ओढला.

"देखिए, कंप्लेंट नहीं है," सेक्रेटरी म्हणाले. "बस एक बार कैमरा देख लेते हैं. सबकी तसल्ली हो जाए."

आमच्या मजल्यावर कॅमेरा आहे. त्यांनी सकाळचं दाखवलं. पडद्यावर पॅसेज, करड्या रंगाचा, वरून दिसणारा. एक दार उघडतं. एक म्हातारी डोकं बाहेर काढते, डावीकडे बघते, उजवीकडे बघते. मी हे कोणी येत-जात असेल तर अंगावर पडू नये म्हणून करते. पण पडद्यावर तसं दिसत नव्हतं. केस नुकते धुतलेले, मोकळे. मुठीत काहीतरी. ओठ हलतात. मग हात झटक्याने समोरच्या दाराकडे जातो आणि ती पटकन आत जाते, दार बंद.

मलाच त्या बाईची भीती वाटली. कोणी मला हे दाखवून विचारलं असतं, ही काय करते आहे, तर मी म्हटलं असतं, काही चांगलं करत नाही.

"आंटी, मैं नहीं मानती ये सब," ती मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पर मम्मीजी को..."

"म्हारे को कई?" दादी उसळली. "थारे को बोली थी, सावन की पूजा हे. बोली थी कि नी? सावन तो राखी के दन गयो! अबे भादवो लाग्यो. अंधारो पाख. अंधारा पाख में कुण पूजा करे, कुण का किवाड़ पे चावल फेंके?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आणि पडल्यावर मी हसले, जे करायला नको होतं.

मुलांनो, नीट ऐका. आपला मराठी महिना अमावस्येला संपतो. इथल्या हिंदी लोकांचा पौर्णिमेला संपतो. म्हणून त्यांचा सावन आपल्याआधी पंधरवडाभर लागतो आणि राखीला संपतो. आपला श्रावण राखीनंतरही अमावस्येपर्यंत चालू असतो. आमचं घराणं होळकरांच्या चाकरीत इथे आलं तेव्हापासून आम्ही पिढ्यान्पिढ्या याच गावात दोन श्रावण घेऊन राहतो आहोत, आणि कोणाला काही अडत नाही. पण समोरच्या मुलीला मी "सावन" म्हटलं होतं. मानपुरहून आलेल्या बाईच्या हिशेबाने माझा सावन उलटून गेला होता आणि मी खोटं बोलून तिच्या नातवाच्या दारावर भाद्रपदाच्या काळ्या पक्षात तांदूळ मारत होते.

मी सेक्रेटरींच्या टेबलावरचं कॅलेंडर ओढलं, पेन्सिल घेतली आणि चंद्र काढायला लागले. सवय. दादीने चंद्राकडे बघितलंही नाही.

"बेनजी," मी म्हटलं, "कृष्ण जन्म कब है आपके यहां?"

"भादवा की आठम."

"हमारे यहां सावन की आठम. पर दिन वही है ना? हम भी उसी दिन झूला झुलाते हैं. नाम अलग, दिन एक."

ती विचारात पडली. सेक्रेटरी खूश होऊन म्हणाले, "बिलकुल सही, माताजी! मेरे साले की शादी मराठियों में हुई है, ये ही लफड़ा था."

"तो भगवान एक दन में दो महीना में हुया?" दादीने विचारलं. आवाजात टोमणा होता, पण धार थोडी कमी झाली होती. मग म्हणाली, "कुण देवी हे थारी? देखां."

आम्ही वर आलो. ती माझ्या उंबऱ्याच्या आत येईना. मी भिंतीवरून जिवतीचा कागद काढला आणि दारात धरला. इथे सगळं मिटेल अशी माझी समजूत होती. बाळांनी भरलेलं चित्र बघून कोणाचा राग राहील? दादीने डोळे बारीक केले, एकेक चित्र बोटाने न शिवता दाखवत गेली. नरसिंहाला हात जोडले. कृष्णाला जोडले. बोट जरेपाशी थांबलं.

"या कुण?"

खोटं बोलायचं एकदा झालं होतं, तेही नकळत. पुन्हा नको म्हणून मी सांगितलं. दोन तुकडे, जुळलेलं बाळ, सगळं. तिची सून दारात उभी राहून ऐकत होती आणि माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. मला त्याचा अर्थ उशिरा कळला.

"राक्षसनी हे!" दादी मागे सरकली. "थे राक्षसनी पूजो हो! टाबर खावा वाली! और उको नाम ले के म्हारा छोरा पे चावल..."

"खाती नहीं, बचाती है."

"पेले तो खाती थी?"

"पहले... हां."

"तो भूख लागे तो?"

मला सासूबाई आठवल्या. त्यांनीही फक्त भूक विसरू नका एवढंच सांगितलं होतं.

दादीने सुनेला बाळ घेऊन आत जायला सांगितलं. मग पदर सारखा करून, माझ्याकडे न बघता म्हणाली की तिचा पहिला मुलगा चार महिन्यांचा असताना गेला. मानपुरला, पावसाळ्यात. शेजारी एक बाई होती, एकटी, फार मायेने बोलायची, रोज त्याला मांडीवर घ्यायची. "मीठी बोलती थी. थारे जसी."

"उनका क्या हुआ?" मी विचारलं.

"गांव छोड़ के चली गी." तिने मनगटावरचं कडं फिरवलं. "जाणो पड़्यो उके." जावंच लागलं तिला.

तिने ते पश्चात्तापाने सांगितलं नाही आणि धमकी म्हणूनही नाही. एखाद्या गावातला रस्ता कुठून जातो ते सांगावं तसं सांगितलं. मग आत गेली. आणि मी तो कागद हातात धरून उभी राहिले. मला वाटलं होतं माझ्या दारावरचा उतारा रागाने ठेवला असेल. तो भीतीने ठेवला होता. त्याने मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. रागाशी बोलता येतं.

त्या आठवड्यात बाळ आलं नाही. मी तुमच्या बाबाला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, सोपं आहे. विमान इथे येताना उत्तरेवरूनच येतं. पृथ्वीचा गोल घे, दोरी लाव. आम्ही तुझ्या पश्चिमेला नाही, जवळजवळ उत्तरेला आहोत. किचनच्या खिडकीतून टाक, मामला खतम." मी गोल घेतला, दोरी लावली. त्याचं बरोबर होतं. भूगोलाच्या बाईला मुलाने भूगोल शिकवला. पण मग पश्चिम सोडायची? चारी दिशा म्हणजे चारी. आणि सोडली तर ती का सोडली, यावरही समोर एक डोळा विचार करत बसला असता. टाकल्या तरी संशय आणि न टाकल्या तरी संशय.

श्रावणाचा शेवटचा शुक्रवार आला. पुरणाचे दिवे केले. उत्तर, पूर्व, दक्षिण झाली. मूठ घेऊन दाराशी उभी राहिले आणि उघडू की नको ते ठरेना. तेवढ्यात बाहेरून दार वाजलं.

दादी होती. कडेवर बाळ. त्याच्या दोन्ही गालांवर काजळाचे ठिपके, कपाळावर एक, तळपायालाही एक, मनगटात काळा दोरा, दोऱ्यात लोखंडाची कडी. सगळी तटबंदी करून आणलं होतं. ती माझ्या उंबऱ्याबाहेर, मी आत.

"आज फेंक्या नी?"

"फेंकने ही वाली थी."

"म्हारे सामणे फेंको. जोर से बोलो. मूंडा में कई बोलो हो, म्हारे सुणनो हे."

मग मी मोठ्याने बोलले. तुमची दोघांची नावं घेतली. म्हटलं, जिवती माते, मुलं लांब आहेत, मला दिसत नाहीत, तू बघ. एवढंच असतं, दुसरा काही मंत्र नाही. तिला किती कळलं ठाऊक नाही. नावं कळली असतील. मी अक्षता खाली टाकल्या, तिच्या पायांपासून लांब. बाळाला हा खेळ आवडला. त्याने अंग पुढे झोकून माझं नाक धरलं.

दादीने त्याला ओढून घेतलं नाही. आम्ही दोघी तशाच उभ्या, मधे तो आडवा. मग ती मला म्हणाली, "इको नाम बी लो."

"पक्का?"

"लो. पण पेले भगवान को, पाछे राक्षसनी को."

मी आधी नरसिंहाचं नाव घेतलं, मग जिवतीचं, मग त्याचं. तिने त्याला तेवढा वेळ घट्ट धरलं होतं, बोटं पांढरी पडेपर्यंत.

त्यानंतर दुपारी दार पुन्हा वाजायला लागलं आहे. पण आता बाळ एकटं येत नाही. दादी बरोबर येते आणि माझ्या दारात खुर्ची टाकून बसते, अर्धी आत, अर्धी पॅसेजमध्ये. मी त्याला बाल्कनीत नेलं की मान लांब करते. मी त्याच्या तोंडात काही घातलं तर आधी तिला दाखवावं लागतं. मीही तिच्यावर नजर ठेवून असते. ती गेल्यावर खुर्चीखाली, पायपुसण्याखाली बघते. अजून काही सापडलं नाही. बोलायचं म्हटलं तर आम्ही बोलतो, भाज्यांच्या भावाबद्दल, सुनांबद्दल. मानपुरच्या त्या बाईबद्दल मी पुन्हा विचारलं नाही. विचारावंसं वाटतं, पण उत्तर ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.

इतके दिवस ती माझ्या घरचं पाणीही घेत नव्हती. काल मी चहा केला, दोन कप, एकसारखे. एक तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, माझ्या हातातल्या कपाकडे बघितलं आणि म्हणाली, "वो दो." मी माझा कप दिला, तिचा घेतला. मी एक घोट प्यायले. ती थांबून बघत राहिली. मग पदराने कप धरून तिने सगळा चहा संपवला.